चेक इंजिनचा दिवा आणि चोरवाटेची हवा

आठ-दहा वर्षं जुनी जर्मन सेडान आज नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळू शकते. नागपूरच्या कळमना बाजारात धान्याच्या आणि मिरचीच्या ट्रकांच्या गर्दीत अशी एखादी गाडी उभी दिसली, तर ती सेकंड हँड घेतलेली असण्याचाच संभव जास्त. पुढचा क्रमही बहुतेकांच्या परिचयाचा आहे. डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, स्कॅनर जोडला की ‘पी ०१७१’ हा कोड निघतो, ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो आणि दिवा विझतो. आठवडा उलटत नाही तोच तो पुन्हा लागतो. बऱ्याचदा काढून टाकलेला सेन्सर धडधाकटच असतो. त्याने खरं तेच सांगितलेलं असतं.

‘पी ०१७१’ म्हणजे इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. का कमी पडतंय, हे कोड सांगत नाही. कुठला पार्ट बदला, हे तर मुळीच नाही. कोडांची ही व्यवस्था, म्हणजे ओबीडी, जन्मली तीच प्रदूषणावर पहारा ठेवण्यासाठी. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या कारला सोळा पिनांचं सॉकेट आणि सगळ्या कंपन्यांना समान कोड सक्तीचे झाले. भारतात ओबीडी-२ चे नियम एप्रिल २०१३ पासून लागू झाले. धुरातून जास्त विष बाहेर पडण्याची शक्यता दिसली की दिवा लावायचा, हे या व्यवस्थेचं काम. बरेचसे दोष गाडीच्या लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय तो लागतही नाही.

एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर उरलेला प्राणवायू मोजतो आणि इंजिनचा संगणक त्यानुसार पेट्रोल कमी-जास्त करतो. ही दुरुस्ती किती टक्के चालली आहे, तो आकडा म्हणजे फ्युएल ट्रिम. तो पंचविसाच्या आसपास पोचला की संगणक हात टेकतो आणि दिवा लावतो. नेमकी मर्यादा कंपनीगणिक बदलते.

खरं निदान या आकड्यात आहे. तो हजार-दोन हजारांच्या स्कॅनरवरही दिसतो, पण कोड वाचून झाला की स्कॅनर काढून ठेवला जातो, याची मला फार हळहळ वाटते. गाडी जागेवर सुरू ठेवा. ट्रिम अधिक चोवीस दिसतोय. आता अॅक्सिलरेटर दाबून इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर धरा. आकडा सहा-सातवर उतरला, तर हवा कुठून तरी चोरवाटेने आत शिरते आहे. जागेवर इंजिन थोडीच हवा ओढतं, त्यामुळे बारीक फटीतून येणारी हवाही भारी पडते. वेग वाढला की तिचा हिस्सा नगण्य होतो. याउलट वेगाबरोबर आकडा चढत गेला, तर पेट्रोलचा दाब किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासावा. दोन मिनिटांच्या या तपासणीने हजारो रुपयांचे पार्ट वाचतात.

फट पडते कुठे? नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. रबरी पाइप कडक होतात, प्लास्टिकच्या जोडांना चिरा जातात. क्रँककेसची वाफ परत इंजिनात नेणाऱ्या व्हॉल्व्हचा रबरी पडदा फाटणं हा टर्बो गाड्यांचा जुना आजार. इंजिन सुरू असताना ऑइलचं झाकण उचलून पाहावं. ते आतून जोरात ओढलं जात असेल, तर संशय या पडद्यावर घ्यावा. धान्याच्या गोदामाजवळ गाडी उभी राहत असेल, तर उंदरांनी कुरतडलेले पाइप आणि वायरीही आधी बघाव्यात.

तरीही फट सापडली नाही, तर स्मोक टेस्ट करावी. इंजिन बंद ठेवून हवेच्या मार्गात मंद दाबाने धूर सोडतात आणि टॉर्चच्या उजेडात बघत राहतात. वरून अगदी नवा दिसणारा पाइप क्लिपच्या खालच्या अंगाला चिरलेला असतो आणि तिथून धुराची बारीक रेघ वर येते. बदलायचा असतो तो पाइप.

यात आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची भर पडली आहे. इथेनॉल नागपूरला नवं नाही. २०१४ मध्ये इथेनॉलवरची बस प्रायोगिक तत्त्वावर इथेच धावली होती. इथेनॉलच्या रेणूतच प्राणवायू असतो, म्हणून त्याच्या एका किलोला नऊच किलो हवा पुरते. शुद्ध पेट्रोलवर बेतलेल्या जुन्या इंजिनाला ई-२० वर सात-आठ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. म्हणजे गाडी धडधाकट असतानाच ट्रिम सात-आठवर असतो आणि पूर्वी खपून गेलेली बारीक फट आता दिवा लावते. नुसत्या ई-२० मुळे आकडा चोवीसपर्यंत जात नाही, त्यामुळे सगळं खापर इंधनावर फोडू नये.

दिवा लुकलुकत असेल, तर मात्र थांबायला हवं. ती मिसफायरची खूण असते; न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम लावलेली आतली महागडी जाळी वितळू शकते.

कोड मिटवण्याआधी ‘फ्रीझ फ्रेम’ लिहून ठेवावी. दोष नोंदला तेव्हाचा वेग, इंजिनचं तापमान, त्यावरचा भार, असा त्या क्षणाचा पंचनामाच त्यात असतो. कोडसोबत तोही पुसला जातो.

गाडी घ्यायच्या आधी तर ‘रेडीनेस मॉनिटर’ पाहायलाच हवेत. विक्रीपूर्वी कुणी कोड पुसले असतील, तर दिवा विझलेला दिसतो, पण संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या अपुऱ्या राहतात आणि स्कॅनर ते दाखवतो. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हेही अनेक गाड्यांत कळतं. चाचण्या अपुऱ्या दिसल्या, तर पैसे देण्याआधी चार-पाच दिवस शहरात आणि महामार्गावर गाडी चालवू द्या म्हणावं आणि मग पुन्हा स्कॅनर लावावा.