जाड बार, कमी पकड

रांजणगाव एमआयडीसीतल्या एकाच कारखान्यातून टाटा नेक्सॉन आणि जीप कंपास या दोन्ही गाड्या बाहेर पडतात. टाटा-फियाट भागीदारीतून उभा राहिलेला हा कारखाना शिरूरकरांच्या परिचयाचा. पण या गाड्यांच्या मागच्या चाकांमध्ये वाकून सहसा कुणी बघत नाही. नेक्सॉनची मागची चाकं एका आडव्या पोलादी बीमने जोडलेली असतात. कंपासची चाकं एकमेकांपासून स्वतंत्र वर-खाली होतात.

वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला अंग टाकते. तिला आवरतो अँटी-रोल बार, म्हणजे गॅरेजवाल्यांचा स्टॅबिलायझर. स्प्रिंग स्टीलचा हा दांडा मध्ये रबरी बुशांत धरलेला असतो आणि त्याची टोकं लिंक रॉडने सस्पेन्शनला जोडतात. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं बरोबर उचलली गेली तर तो बुशांत नुसता फिरतो. एकच चाक उचललं की त्याला पीळ पडतो आणि तो विरोध करतो. नेक्सॉनचा बीम स्वतःच पिळला जाऊन बऱ्याच अंशी हेच काम उरकतो.

मागे जाड बार टाकला की गाडी रस्ता घट्ट धरते, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही.

वळणात बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार सरकणार, हे मुख्यतः वेग, वळणाची त्रिज्या, गाडीची उंची आणि चाकांमधलं अंतर ठरवतात. त्यातला किती पुढे सरकेल आणि किती मागे, एवढंच बारच्या हातात. टायरवरचा भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, म्हणून ज्या जोडीत भार जास्त सरकतो तिची पकड घटते. मागचा बार ताठ केला की मागची पकड कमी होते, पुढची वाढते. स्टिअरिंग फिरवूनही सरळच रेटणारी गाडी मग चटकन वळते. प्रमाण चुकलं, तर ओल्या रस्त्यावर तिचा मागचा भाग सुटतो. आणि प्रमाण चुकायला दोन मिलिमीटर पुरतात: 20 मिमीऐवजी 22 मिमीचा बार सुमारे 46 टक्के जास्त ताठ असतो.

अरुंद रस्त्यावर समोरून उसाची ट्रॉली आली की डावी चाकं साइडपट्टीवर उतरवावीच लागतात. तिथे ताठ बार एका चाकाचा धक्का दुसऱ्यापर्यंत नेतो आणि आत बसलेल्यांची डोकी डावी-उजवीकडे हिंदकळतात. दौंड-शिरूरच्या अशा रस्त्यांना कंपनीने बसवलेला बारच बरा. खड्ड्यात मागून खटखट ऐकू येत असेल, तर आधी लिंक रॉड आणि बुश तपासून घ्या. खर्चही कमी येईल.