नूरला काय उत्तर द्यायचं?

सीरिया-लेबनॉनकडच्या अरबी बोलीत जिवलग माणसाला उद्देशून एक शब्द वापरतात, ‘तोओबोरनी’. त्याचा शब्दशः अर्थ ‘तू मला पूर’. म्हणजे तुझ्या आधी मला मरण येवो, तुझ्यावाचून जगायची पाळी माझ्यावर न येवो. आया लेकरांना असं म्हणतात, नवराबायको एकमेकांना म्हणतात. ऐकायला अभद्र वाटतं खरं, पण आपल्याकडे तरी काय निराळं आहे? ‘माझं आयुष्य तुला लागो’ असं आपण म्हणतोच ना! आणि भरल्या कपाळानं जावं म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी किती उपासतापास केले, त्याला तर गणतीच नाही.

ह्या शब्दावरून नाव घेतलेला एक खेळ २०१७ साली फ्रान्समध्ये तयार झाला. इंग्रजीत त्याचं नाव ‘बरी मी, माय लव्ह’. मोबाइलवर खेळायचा. ‘खेळ’ म्हटल्यावर तुम्ही पान उलटणार, हे मला ठाऊक आहे. फोनवरचा खेळ म्हणजे पोरांची परीक्षा बुडवणारी कटकट, असंच आपलं मत असतं, आणि ते अगदीच चुकीचं आहे असं एक शिक्षिका म्हणून मीही म्हणणार नाही. पण ह्यात गोळ्या झाडायच्या नाहीत, रंगीत गोट्या फोडायच्या नाहीत, गुण मिळवायचे नाहीत. ही एक गोष्ट आहे. वाचत जायची आणि मधेमधे ‘आता काय?’ ह्याचं उत्तर आपण द्यायचं. अशा खेळांना व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात, आपण चित्रकादंबरी म्हणू या. जपानमध्ये ह्या प्रकाराची मोठी परंपरा आहे. हल्ली जगभर दोन-चार जणांच्या लहान मंडळ्याही पदरमोड करून असे खेळ काढतात, आणि मोठ्या कंपन्या ज्या विषयांच्या वाटेलाही जात नाहीत ते विषय बेधडक घेतात.

आता गोष्ट ऐका. नूर आणि मज्द हे नवराबायको. गाव सीरियातलं होम्स. २०११ साली तिथं यादवी सुरू झाली आणि ह्या शहराच्या वस्त्याच्या वस्त्या तोफांखाली सपाट झाल्या. नूर ठरवते की आता इथं राहणं नाही, युरोप गाठायचा. मज्दला घरच्या वडीलधाऱ्यांना सोडून निघता येत नाही. तेव्हा बायको एकटी निघते आणि नवरा मागे राहतो. हे वाचून मी जरा थबकलेच. आपल्या गोष्टींत जातो तो नवरा, आणि उंबऱ्याशी वाट बघत बसते ती बायको!

आपण खेळायचं ते मज्द होऊन. समोर दिसतो तो नेहमीच्या व्हॉट्सॲपसारखा पडदा. नूरचा निरोप येतो, कधी फोटो येतो, कधी नुसताच हसरा चेहरा. खाली आपल्यासाठी बहुधा दोन उत्तरं तयार असतात, त्यातलं एक निवडायचं. बस्स, एवढंच. तिच्यासाठी तिकीट काढता येत नाही, तिच्यासाठी कुणाशी भांडता येत नाही, पाण्याचा पेला पुढे करता येत नाही. हातात असतात ते फक्त शब्द, आणि तेही दुसऱ्याने लिहून ठेवलेले.

वेताळपंचविशीतला राजा आठवतो का? उत्तर ठाऊक असून बोलला नाही तर डोक्याची शकलं, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. तिथं निदान नियम स्वच्छ होता. इथं तोही कळत नाही. नूरजवळचे पैसे, तिचं सामान, तिच्या मनाची उभारी आणि नवऱ्याशी तिचं किती सूत आहे, ह्या सगळ्याची मोजदाद आत कुठेतरी चाललेली असते, पण आकडा आपल्याला दिसत नाही. एखादी चेष्टा केली, ती हसली, की आपण खूश. पण तिचा उपयोग झाला की नुसताच वेळ गेला, हे चार मुक्काम पुढे गेल्यावर कळायचं, नाहीतर कळायचंही नाही. शिवाय नूर काही गरीब गाय नव्हे. आपण सांगितलेलं ती प्रत्येक वेळी ऐकेलच असं नाही. आपण म्हणावं ‘थांब’ आणि बाईसाहेब निघालेल्या. मला तर हे फार आवडलं. नवऱ्याने पाठवलेला प्रत्येक सल्ला शिरसावंद्य मानणारी नायिका असती तर मी दुसऱ्या दिवशीच फोन बाजूला ठेवला असता.

माझ्या भाच्याने हा खेळ माझ्या फोनवर घालून दिला. विकतचा आहे, फुकट नाही. भाषा इंग्रजी, पण निरोपांची, म्हणजे सोपी. बी.ए.ला इंग्रजी नसलेल्या बाईलाही जमेल. आणि एक महत्त्वाचं सांगते. खेळायच्या दोन रीती आहेत. एकीत सगळं भराभर घडतं, दोन-तीन दुपारी झोप सोडली की संपतं. दुसरीत खऱ्या वेळेप्रमाणे चालतं. नूर प्रवासाला निघाली, की फोन गप्प. तास जातात. तुम्ही भाजी निवडता, कुकर लावता, वह्या तपासता, आणि मग केव्हातरी खण्ण करून तिचा निरोप येतो. भाचा म्हणाला, ‘मावशी, भराभरवाली रीत घे, तुला धीर निघणार नाही.’ मी मुद्दाम दुसरी घेतली.

तर चार दिवस आमच्या घरात नूर राहायला आली म्हणा ना! सासूबाईंनी आधी नाक मुरडलं. मग मी गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, ‘एकटी? बरोबर कुणीच नाही?’ आणि संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मला हळूच, ‘आला का गं त्या पोरीचा फोन?’ हे मात्र हसत होते. ‘अगं, खोटी आहे ती,’ म्हणाले.

तशी ती खोटी, पण पुरती खोटी नाही. २०१५ साली फ्रान्सच्या ‘ल मोंद’ ह्या वृत्तपत्राने एका सीरियन तरुणीचा प्रवास छापला होता, तिने वाटेवरून घरच्यांना फोनवर पाठवलेल्या निरोपांतून. पूर्वी पत्रकार असलेल्या फ्लोरां मोरँ ह्यांनी तो वाचला आणि त्यावरून त्यांना हा खेळ सुचला. लिहिताना त्या तरुणीचाही सल्ला घेतलेला आहे. त्या एका वर्षात दहा लाखांहून जास्त माणसं समुद्र ओलांडून युरोपला पोचली, त्यातली जवळजवळ निम्मी सीरियाची. मुलांचा शाळेचा नकाशा काढून मी नूरची वाट शोधली. ग्रीसचं कॉस नावाचं बेट तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून जेमतेम चार-पाच किलोमीटर आहे. हाती व्हिसा असेल तर सहलीच्या बोटीत ऐटीत बसून जावं. नसेल तर चोरट्या दलालाला माणशी हजार डॉलरच्या आसपास मोजायचे आणि रात्री रबरी होडीत दाटीवाटीने बसायचं. तुर्कस्तानात त्या सुमारास तरंगण्याची जाकिटं दुकानादुकानांतून टांगलेली असत. त्यातली कित्येक नकली निघाली. आत भरलेला स्पंज पाणी शोषून घ्यायचा, म्हणजे जे घालून तरायचं तेच बुडवणार. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याच किनाऱ्यावर लाल सदऱ्यातलं ते लहानगं मूल वाळूत पालथं पडलेलं सापडलं होतं. तो फोटो आपण सगळ्यांनीच पाहिला आहे, त्याचं जास्त वर्णन नको. पुढे मार्च २०१६ मध्ये ग्रीसच्या उत्तरेकडची वाट बंद झाली आणि इडोमेनी ह्या सीमेवरच्या खेड्यात हजारो माणसं चिखलात तंबू ठोकून अडकून पडली.

हे सगळं डोक्यात असताना नूरचा निरोप येतो आणि खाली दोन उत्तरं दिसतात, तेव्हा बोट पुढे सरकत नाही. सर्वांत जास्त मी अडले ती एकाच प्रकारच्या प्रश्नाशी. घरची वाईट बातमी तिला कळवायची, की ‘इकडे सगळं ठीक आहे, तू आपलं बघ’ म्हणायचं? खरं सांगितलं तर तिचा धीर खचेल. लपवलं आणि मागाहून तिला कळलं, तर ती पुढे माझ्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाही. आणि तिकडे परक्या मुलखात तिच्याजवळ दुसरं आहे तरी काय?

हा प्रश्न आपल्या घराघरांतला आहे. आमच्या वन्सं दुबईला असतात. दोन वर्षांपूर्वी मामंजींचं ऑपरेशन झालं, तेव्हा वडीलमंडळींनी बसून ठरवलं की तिला कळवायचं नाही, उगाच जिवाला घोर. (सुनांना अशा बैठकीत विचारत नाहीत. चहा मात्र आम्हीच केला.) रोज रात्री फोन यायचा आणि रोज ‘बाबा झोपलेत’. सहाव्या दिवशी कुणा नातलगाने पाठवलेल्या फोटोत मामंजी दवाखान्यातल्या खाटेवर दिसले. वन्सं ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘म्हणजे मी आता पाहुणी झाले.’ मामंजी खणखणीत बरे झाले. पण वन्सं अजूनही फोन केला की आधी विचारतात, ‘खरं सांगतेस ना?’

म्हणून नूरला मी शक्य तिथं खरं सांगत गेले. शेजारच्या वहिनींचं मत अगदी उलट. त्या म्हणाल्या, ‘अहो, ती होडीत बसायला निघाली आहे, आत्ता तिला रडवून काय मिळवायचंय? पोचली की सांगू.’ ह्यावर आमची गॅलरीत उभ्याउभ्या अर्धा तास जुंपली, दूध उतू गेलं. मला अजून वाटतं माझं बरोबर आहे. पण वहिनींचा मुलगा नौकेवर आहे, सहा-सहा महिने समुद्रावर असतो. तेव्हा त्यांचं म्हणणं अगदी उडवून लावायचा मला काही अधिकार नाही.

आणि खऱ्या बोलण्याला इथं बक्षीस मिळतं अशा भ्रमात राहू नका. माझी नूर वाटेतच अडकली. एक दिवस गोष्ट संपली, ती युरोपात आरामात बसलेली नव्हती, इतकंच सांगते. ह्या खेळाला एकूण १९ शेवट आहेत. काहींत ती सुखरूप पोचते, काहींत कुठे अधेमधे खितपत राहते, आणि तिचा जीव जातो असंही होतं. मी पुन्हा भराभरच्या रीतीने खेळून पाहिलं, दुसरी उत्तरं दिली, तर वाट निराळी लागली. पण पहिल्या नूरची हळहळ राहिली ती राहिलीच. एकोणीसही शेवट बघायचा हट्ट धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मग ती बाई राहत नाही, कोडं होतं.

खोट काढायचीच तर एक आहे. मज्द कधीकधी नको तितका थट्टेखोर वाटतो, आणि दोन्ही उत्तरं आपल्याला न पटणारी असली तरी एक निवडावंच लागतं. ‘दुसऱ्याच्या हालांचा कसला खेळ करता?’ असंही कुणी म्हणेल. सासूबाई पहिल्या दिवशी तेच म्हणाल्या होत्या. मला ते पटत नाही. सिनेमा पाहून आपण डोळे पुसतो आणि घरी येऊन भात टाकतो. इथं तसं सुटता येत नाही, कारण उत्तर आपण दिलेलं असतं. मात्र मला एक टोचलं. आपल्यापाशी भराभरची कळ आहे. वाट बघणं असह्य झालं की ती दाबायची. होम्समध्ये फोन उशाशी घेऊन बसलेल्यांपाशी ती नव्हती.

घरात मुलं असतील तर बारा-तेराच्या आतल्यांच्या हाती हा देऊ नये, विषय जड आहे. मोठ्यांबरोबर मात्र जरूर खेळा, फोन मधे ठेवून, उत्तर सगळ्यांनी मिळून ठरवून. मी नववीच्या मुलींना ह्याची नुसती कल्पना सांगितली, फळ्यावर माझ्या मनाचा एक निरोप लिहिला, ‘रात्र झाली आहे. आम्ही निघतोय. भीती वाटते,’ आणि प्रत्येकीला एका ओळीत उत्तर लिहायला सांगितलं. बत्तीस मुलींतल्या एकवीस जणींनी ‘घाबरू नकोस’ लिहिलं. एकीने लिहिलं, ‘मलापण.’ निबंधात जिला कधी निम्म्याच्या वर गुण मिळाले नाहीत, तीच ही मुलगी.

डिसेंबर २०२४ मध्ये सीरियातली असाद ह्यांची राजवट कोसळली आणि बाहेर गेलेले कितीतरी लोक परतू लागले. होम्सलाही लोक परतले, ढिगाऱ्यांतून आपलं घर कुठलं ते शोधत. खेळातली गोष्ट त्याच्या फार आधीची, त्यामुळे ते त्यात नाही.

गॅलरीतल्या भांडणानंतर वहिनींनीही आपल्या फोनवर खेळ घालून घेतला आहे, खऱ्या वेळेच्या रीतीचा. स्वयंपाक आटोपला की मगच उघडतात. काल कुंपणावरून कोथिंबीर देताना सांगत होत्या, त्यांची नूर अजून तुर्कस्तानातच आहे, आणि त्यांनी तिला अजून काहीच सांगितलेलं नाही.