दोन बाटल्यांमधली रेघ

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या कुणालाही वस्तुचित्राचा पेपर आठवेल. मागे टांगलेले कापड, पुढे किटली, एखादे फळ. किटलीचे तोंड नीट लंबगोल आले आणि छाया योग्य बाजूला पडली, की निम्मी लढाई जिंकली! युरोपातल्या आधुनिकांनी हात घातला तो याच लंबगोलाला. सेझानच्या चित्रात टेबलाची कड कापडाआड शिरते आणि पलीकडून भलत्याच उंचीवर बाहेर पडते. १९१२मध्ये पिकासोने वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड चित्रावर चिकटवून भोवती दोराची चौकट केली. त्याच वर्षी ब्राकने लाकडाचा भास करून देणारा भिंतीचा कागद कोळशाच्या रेखाटनात डकवला. पिकासो-ब्राकच्या या घनवादावर आजवर भरपूर लिहून झाले आहे, तेव्हा त्यात अधिक शिरत नाही.

थांबायचे आहे ते इटलीतल्या बोलोन्यात, चित्रकार जॉर्जो मोरांदीपाशी (१८९०-१९६४). लग्न केले नाही. व्हिया फोंदाझ्झावरच्या घरात तीन बहिणींसोबत आयुष्य काढले. झोपायची आणि कामाची खोली एकच. तिथे बाटल्या, डबे, सुरया, दिवे. काच चमकू नये म्हणून काही बाटल्यांना तो रंग देई, आणि वस्तूंवरची धूळ तशीच राहू देई. कुठली वस्तू नेमकी कुठे ठेवायची याच्या खुणा टेबलावर अंथरलेल्या कागदावर करी.

१९३० ते १९५६ त्याने बोलोन्याच्या कला अकादमीत एचिंग शिकवले. त्याच्या एचिंगमध्ये रेघांची जाळी दाट-विरळ होत आकार घडतो. उतारवयातली पेन्सिलची रेखाटने मात्र अगदी उलट: जाळी गेली, छाया गेली, मोजक्या थरथरत्या रेघा उरल्या. दोन बाटल्या खेटून उभ्या आहेत. मधली रेघ एकच, आणि ती कुठल्या बाटलीची हे काही केल्या ठरत नाही. डब्याची एक कड काढलेलीच नसते, शेजारणीच्या कडेवर तिचे भागते. मधली फट वस्तूइतकीच भरीव दिसू लागते.

जगापासून तुटलेला संन्यासी ही त्याची प्रतिमा मला पटत नाही. १९४८मध्ये व्हेनिस बिएनालेत आणि १९५७मध्ये साओ पाउलोत चित्रकलेचे पारितोषिक मिळवणारा, फेलिनीच्या ‘ला दोल्चे व्हिता’त (१९६०) ज्याचे चित्र झळकते तो माणूस जगाला चांगलाच ठाऊक होता. खोलीत राहणे हा त्याचा हिशेबी निर्णय होता.

आपल्याकडे गोव्याच्या साळगावात जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सूझाने स्थिरचित्रात चर्चमधली भांडी आणली, पण जाड काळ्या रेघेत. त्या रेघेत संताप आहे. मोरांदीची रेघ आवाज चढवतच नाही. म्हणून ती पाहायला वेळ द्यावा लागतो.

बोलोन्यात मोरांदी संग्रहालय १९९३मध्ये सुरू झाले. त्याची खोलीही वस्तूंसकट जपली आहे. तिकडे जाणे झाले, तर रेखाटने आधी पाहा. रंगचित्रे तुम्हाला कशीही गाठतीलच.