उंदराची साक्ष

आईबाप धडधाकट, घराण्यांत कोणाला असा विकार झाल्याचें ऐकिवांत नाहीं; आणि तरीहि तान्हें मूल कांहीं आठवड्यांतच निपचित पडूं लागतें. तें मान धरीत नाहीं, पाय झाडीत नाहीं, त्याच्या रडण्याचा आवाज क्षीण होत जातो. डोळे मात्र सतेज असतात आणि आईला ओळखतात. ऑस्ट्रियांतील ग्विदो वेर्दनिग यांनीं १८९१ सालीं वर्णन केलेला हा रोग मज्जारज्जूचा आहे. स्नायूंना हालचालीची आज्ञा पोंचविणाऱ्या तेथील चेतापेशी एकामागून एक मरतात आणि स्नायु झिजत जातात. सुमारें दहा हजार जन्मांमागें एका मुलास हा रोग होतो. त्याच्या तीव्र प्रकारांतील बहुतेक मुलें, औषध नव्हतें तोंवर, दुसरा वाढदिवस पाहत नसत. आज या रोगावर औषधें आहेत, आणि त्या यशांत एका क्षुद्र प्राण्याचा वांटा फार मोठा आहे.

१९९५ सालीं पॅरिस येथें ज्यूडिथ मेल्की व त्यांचे सहकारी यांनीं या रोगाचें मूळ शोधून काढलें. ‘एस्. एम्. एन्. १’ नांवाचें जनुक आईकडून व बापाकडून असें दोन्हीकडून सदोष आलें, कीं मूल रोगी होतें. एकाच बाजूनें आलें तर माणूस निरोगी राहतो. म्हणूनच आईबापांना कसलीहि कल्पना नसते. परंतु निसर्गानें मानवाला याच जनुकाची एक जोड-प्रतहि दिलेली आहे; तिचें नांव ‘एस्. एम्. एन्. २’. दोहोंत महत्त्वाचा फरक केवळ एका अक्षराचा. पण त्या एका अक्षरामुळें पेशी जनुकाचा मजकूर उतरवून घेतांना त्यांतील एक तुकडा बहुतेक वेळां गाळून टाकते. परिणामीं तयार होणारें प्रथिन अपुरें राहून लवकर नष्ट होतें. अवघा दहावा हिस्सा काय तो उपयोगी पडतो. हा गळणारा तुकडा ठिकाणावर ठेवतां आला, तर रोग्याच्या शरीरांतच औषध निर्माण होईल, हें उघड होतें.

तथापि हा प्रयोग तान्ह्या मुलांवर प्रथम करणें कोणासहि शक्य नव्हतें. उंदरीण तीन आठवड्यांत विते, पिढ्या झपाट्यानें निपजतात, आणि उंदराची बहुतेक जनुकें मानवी जनुकांशीं जुळतात. म्हणून शास्त्रज्ञ उंदराकडे वळले. पण येथें एक अडचण निघाली. उंदराला जोड-प्रत नसते. त्याच्याजवळ हें जनुक एकाच प्रकारचें. १९९७ सालीं तें काढून टाकून पाहिलें, तेव्हां गर्भ पहिल्या कांहीं दिवसांतच मेला. हें जनुक जीवनास अवश्य आहे एवढें त्यावरून कळलें. रोगाविषयीं मात्र कांहींच कळलें नाहीं.

यावर तोड निघाली ती २००० सालीं. अमेरिकेंत व तैवानांत उंदराचें स्वतःचें जनुक काढून त्याच्या जागीं मानवाचें जोड-जनुक घालण्यांत आलें. दोन प्रती मिळालेलीं पिल्लें जन्मास आलीं, पण अशक्त होऊन आठवड्याभरांत मेलीं. आठ प्रती मिळालेलीं पिल्लें मात्र जवळजवळ निरोगी वाढलीं. मानवी रोग प्रथमच प्रयोगशाळेंत हुबेहूब उभा राहिला, आणि दुसऱ्या जनुकाचें प्रथिन वाढविलें तर रोग हटतो ही गोष्टहि सिद्ध झाली.

पुढें २००६ सालीं रवींद्र सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तुकडा गाळण्याची खूण नेमकी कोठें आहे तें दाखविलें. एड्रियन क्रेनर यांच्या गटानें ती खूण झांकणारा लहानसा कृत्रिम धागा बनवून रोगी पिल्लांना टोंचला. दहाएक दिवसांत मरणारीं पिल्लें कित्येक महिने जगलीं. हेंच औषध ‘न्यूसिनर्सेन’ या नांवानें डिसेंबर २०१६ मध्यें अमेरिकेंत मान्य झालें.

उंदरानें आणखी एक धडा दिला. औषध जन्मतांच दिलें तर गुण येतो. उशीर झाला तर फारसा येत नाहीं, कारण मेलेल्या चेतापेशी परत येत नाहींत. लक्षणें दिसण्यापूर्वींच औषध मिळालेल्या पंचवीस बालकांपैकीं बहुतेक पुढें स्वतःच्या पायांनीं चालूं लागलीं. याच कारणास्तव कित्येक देशांत नवजात बालकाच्या रक्ताचा थेंब या रोगासाठीं तपासला जातो.

मात्र उंदराची साक्ष ही अखेरचा निकाल नव्हे. ‘व्हॅल्प्रोइक’ आम्लानें रोगी उंदरांत सुधारणा दिसली, पण मुलांवरील चांचण्यांत म्हणण्यासारखा लाभ झाला नाहीं. पिल्लू म्हणजे लहान माणूस नव्हे. प्रश्न कोणता विचारावा तें तो प्राणी शिकवितो, उत्तराची खात्री मात्र माणसांतच करावी लागते. शिवाय मुका जीव यांत दुःख भोगतो. म्हणूनच भारतांत १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्याखालीं असे प्रयोग समितीच्या देखरेखीविना करतां येत नाहींत.

राहतां राहिला किंमतीचा प्रश्न. हीं औषधें इतकीं महाग आहेत, कीं महाराष्ट्रांतहि कित्येक आईबापांना त्यांसाठीं लोकवर्गणीचा आश्रय घ्यावा लागला आहे. उंदरानें वाट दाखविली. ती प्रत्येक पाळण्यापर्यंत नेण्याचें काम माणसांचें आहे.