मिनिटांचा निर्णय, क्षणाचा निर्णय

सातारा-सांगलीत लष्कर म्हटले की पायदळाची पलटण आठवते. घराघरांत मराठा लाइट इन्फन्ट्रीतल्या आजोबा-पणजोबांचे फोटो आहेत. अपशिंगे गावाची तर ‘मिलिटरी अपशिंगे’ हीच ओळख. पहिल्या महायुद्धात या एका गावाने ४६ जवान गमावले. लढाऊ वैमानिकांच्या कथा मात्र इथे फारशा सांगितल्या जात नाहीत. वास्तविक १९६५ च्या युद्धात हवाई दलाला लढाईत उतरवणारा शब्द इथल्याच माणसाने दिला होता.

यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १९१३ चा, देवराष्ट्रे गावातला. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले आणि देवराष्ट्रे सांगलीचे झाले. यशवंतरावांचे शिक्षण आणि राजकारण वाढले कराडात. म्हणून दोन्ही जिल्हे त्यांना आपले म्हणतात. १९६२ च्या चीन युद्धानंतर ते देशाचे संरक्षणमंत्री झाले. त्या युद्धात भारताने लढाऊ विमाने हल्ल्यासाठी वापरलीच नव्हती. ती वापरावीत की नाही, हा प्रश्न तीन वर्षांनी त्यांच्याच टेबलावर आला.

१ सप्टेंबर १९६५. पहाटे पाकिस्तानी रणगाडे छांब भागात घुसले. रोख अखनूरच्या पुलाकडे होता. तो पूल गेला असता तर जम्मूकडून पूंछ-राजौरीकडे जाणारी वाट तुटली असती. दुपारी लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख एअर मार्शल अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांकडे आले. विमाने वापरली की युद्धाची व्याप्ती वाढणार, हे तिघांनाही कळत होते. यशवंतरावांनी चर्चा लांबवली नाही, काही मिनिटांत होकार दिला. संध्याकाळी ५ वाजून १९ मिनिटांनी पठाणकोटहून व्हॅम्पायर विमानांची पहिली तुकडी उडाली.

या निर्णयाची किंमत त्याच संध्याकाळी मोजावी लागली. व्हॅम्पायर हे जुन्या पिढीचे, संथ जेट विमान होते. पाकिस्तानचे अमेरिकी बनावटीचे सेबर त्याच्यापेक्षा पुष्कळ वेगवान. चार व्हॅम्पायर पडली. पण हवाई दल मागे हटले नाही. व्हॅम्पायर आघाडीवरून काढून घेतली आणि चिमुकली नॅट विमाने पुढे आणली. ३ सप्टेंबरला स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांना सेबरविरुद्धच्या पहिल्या विजयाचे श्रेय मिळाले आणि वीरचक्रही.

दिल्लीतला निर्णय मिनिटांचा होता. कॉकपिटमध्ये तेवढाही वेळ मिळत नाही, हे समजण्यासाठी याच युद्धातल्या एका मराठी वैमानिकाचे पदक पाहावे. दिलीप परुळकर १९६३ मध्ये हवाई दलात दाखल झाले होते. १९६५ च्या युद्धात त्यांच्या विमानाला शत्रूचा मारा लागला आणि उजव्या खांद्याला जखम झाली. तुकडीच्या प्रमुखाने त्यांना विमान सोडून बाहेर पडण्याचा सल्ला दिला. परुळकरांनी ते मोडके विमान तळावर परत आणले. त्यासाठी त्यांना वायुसेना पदक मिळाले.

मानपत्रात ही हकिकत दोन-तीन वाक्यांत संपते. तिचे वजन कळायला कॉकपिटची रचना ध्यानात घ्यावी लागते. लढाऊ विमानात डावा हात इंजिनाची ताकद कमी-जास्त करतो आणि विमान वळवणारी, वर-खाली नेणारी दांडी उजव्या हातात असते. म्हणजे निकामी होऊ पाहत होता तो नेमका विमान चालवणारा हात. त्यात विमानाची कुठली यंत्रणा कधी दगा देईल याचा भरवसा नाही आणि उतरताना तर हात सर्वांत स्थिर लागतो. बाहेर उडी घेतली असती तर कोणी दोष दिला नसता. पण विमान गेले असते.

युद्धकाळातल्या शौर्यासाठी परमवीरचक्र, महावीरचक्र आणि वीरचक्र अशी उतरती क्रमवारी आहे. परमवीरचक्र हवाई दलात आजवर एकालाच मिळाले: १९७१ मध्ये श्रीनगरच्या आकाशात लढलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांना, मरणोत्तर. वायुसेना पदक १९६० मध्ये सुरू झाले. त्याचे स्थान या चक्रांच्या खाली असले, तरी त्यामागचा प्रसंग लहान नसतो.

परुळकरांची जिद्द तिथे संपली नाही. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई-७ पाकिस्तानात पाडले गेले आणि ते युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या छावणीतल्या खोलीची भिंत फोडून ते, एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी निसटले. पेशावरमार्गे लंडी कोतलपर्यंत पोहोचले. अफगाण सीमा काही किलोमीटरवर उरली होती. तिथे त्यांनी लंडी खाना या स्टेशनाची वाट विचारली. ते स्टेशन तर १९३२ पासून बंद होते. लोकांना संशय आला आणि तिघे पकडले गेले. १ डिसेंबर १९७२ ला वाघा सीमेवरून ते मायदेशी परतले. या पलायनासाठी परुळकरांना विशिष्ट सेवा पदक मिळाले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

हवाई युद्धातले शौर्य पाडलेल्या विमानांच्या संख्येत मोजण्याची आपल्याला सवय आहे. ही मोजणी अपुरी आहे. जखमी हाताने परत आणलेले विमान हाही विजयच असतो, कारण ते दुरुस्त होऊन पुन्हा उडू शकते आणि तो वैमानिक पुन्हा लढू शकतो. वेळेवर दिलेला होकार हाही युद्धाचाच भाग असतो, कारण त्याच्याशिवाय वैमानिक धावपट्टीवरच बसून राहतो. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ ला साताऱ्यात उभी राहिली, तेव्हा यशवंतराव राज्याचे मुख्यमंत्री होते. या दोन जिल्ह्यांतल्या शाळांनी पलटणींच्या इतिहासाबरोबर १ सप्टेंबरची ती दुपार आणि परुळकरांचे ते उड्डाणही शिकवावे. धैर्याला विवेकाची आणि तयारीची जोड लागते, हे त्याहून नेमके सांगणारा धडा मुलांना पुस्तकात सहसा मिळत नाही.