नाव शिल्लक आहे. पण मोकळे आहे का?

दीपावलीच्या चोपडापूजनाबरोबरच दुकानाचे संकेतस्थळही सुरू करावे, असा आग्रह आता अनेक घरांतील तरुण पिढी धरते. मुलगा नाव टाकून पाहतो, ‘उपलब्ध आहे’ असे उत्तर येते, किरकोळ रकमेत डोमेन मिळते आणि दुसऱ्याच दिवशी पिशव्या, बिलबुके व पाट्या छापावयास जातात. घोटाळा होतो तो येथेच. डोमेन देणारी संस्था एवढेच पाहते की, नेमके तेच अक्षरलेखन दुसऱ्या कोणी घेतलेले नाही. त्या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क कोणाचा, हे ती तपासत नाही.

१९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे ‘रेडिफ’चा दावा आला. प्रतिपक्षाचे डोमेन ‘रॅडिफ’ असे होते. फरक एका अक्षराचा. न्यायालयाने त्याला मनाई केली. पुढे २००४ मध्ये ‘सिफी’च्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, डोमेन हा केवळ पत्ता नसून ती व्यापाराची ओळख आहे आणि दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला व्यवसाय खपविण्याविरुद्धचा कायदा तिलाही लागू होतो. या कायद्याचे संरक्षण नोंदणी न केलेल्या नावालाही मिळते. म्हणून केवळ सरकारी नोंदवही पाहून भागत नाही. बाजारात तशा नावाची जुनी पेढी आहे का, याचीही चौकशी हवी.

अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे. खऱ्याच्या जागी तत्सम खोटे देणे, हा त्याचा रूढ अर्थ. प्रसिद्ध नावासारखे नाव जाणूनबुजून घेणे त्याहून फार दूर नाही.

ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोध विनामूल्य घेता येतो. मालाचे व सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत. मसाले ३० मध्ये, दागिने १४ मध्ये, कपडे २५ मध्ये आणि दुकानदारीची सेवा ३५ मध्ये येते. म्हणजे मसाल्याच्या व्यापाऱ्याने निदान दोन वर्ग पाहावेत. शब्दाबरोबर उच्चारसाम्याचाही शोध घ्यावा. प्रलंबित अर्ज दुर्लक्षू नयेत. नोंदणी मंजूर झाली की हक्क अर्जाच्या तारखेपासून धरला जातो.

‘आडनाव आमचेच, मग भीती कसली?’ असे पुष्कळजण म्हणतात. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचे कलम ३५ स्वतःच्या नावाच्या वापराला संरक्षण देते खरे, पण तो वापर प्रामाणिक असावा लागतो. कलम ३४ आधीपासून अखंड वापर करणाऱ्याच्या बाजूने आहे. तेव्हा आजोबांच्या काळची बिले, जाहिराती व विक्रीकराची कागदपत्रे रद्दीत घालू नयेत. पुरावा म्हणून तीच उपयोगी पडतात.

भाऊ वेगळे होताना दुकान, गोदाम, उधारी यांची वाटणी लिहिली जाते. पेढीचे नाव मात्र राहून जाते. मग दोघेही त्याच नावाने संकेतस्थळ काढू पाहतात. नाव आणि डोमेन कोणाकडे राहील, हे वाटणीपत्रातच लिहून घ्यावे.