रडारच्या पडद्यावरील पाऊस आणि शिवारातील पाऊस

धारवाड जिल्ह्यात अमुक मिलिमीटर पाऊस झाला असे एका आकड्यात सांगणे दप्तराच्या दृष्टीने सोयीचे असले, तरी शेतकऱ्याला त्यातून फारसा बोध होत नाही. कलघटगी आणि अळणावर या पश्चिमेकडील भागांत भाताची खाचरे तुडुंब भरलेली असताना नवलगुंद व अण्णिगेरीकडील काळ्या रानात मुगाचे पीक एका सरीसाठी ताटकळत असते, हा अनुभव या भागात नवा नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरील आंबोलीस वर्षाकाठी ७००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. बेळगावास तो १३०० च्या सुमारास येतो, धारवाडास ८०० च्या आसपास उरतो आणि पुढे गदगच्या बाजूस आणखी घटत जातो. हा सारा फरक अवघ्या सव्वाशे किलोमीटरांतला आहे. धारवाड शहर तर जलविभाजकावरच वसलेले आहे. तेथे सोमेश्वराजवळ उगम पावणारी शाल्मला अरबी समुद्राची वाट धरते, तर शहराच्या पूर्वेस पडलेले पाणी मलप्रभा व कृष्णा यांच्या मार्गाने बंगालच्या उपसागरास मिळते.

अशा प्रदेशात तालुक्याच्या ठिकाणी ठेवलेले एकच पर्जन्यमापक सर्व गावांच्या वतीने साक्ष देऊ शकत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत त्याच शहरातील कुलाब्याची नोंद होती केवळ ७३ मिलिमीटर. कुलाब्याच्या आकड्यावरून मुंबईची त्या दिवशीची स्थिती कोणास कळली असती? दोन पर्जन्यमापकांच्या मध्ये काय घडत आहे हे दाखविणारे साधन म्हणून हवामान रडारचे महत्त्व आहे. तथापि हे साधन पाऊस प्रत्यक्ष मोजत नाही, ही गोष्ट प्रारंभीच ध्यानात घेतली पाहिजे. ते पावसाचा प्रतिध्वनी मोजते, आणि त्यावरून पावसाचे अनुमान करावे लागते.

रडारचा जन्म युद्धाच्या गरजेतून झाला. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने हुडकणाऱ्या यंत्रांच्या पडद्यावर पावसाच्या सरीही उमटू लागल्या. सैनिकांच्या दृष्टीने तो व्यत्यय होता, पण हवामानशास्त्रज्ञांनी त्यातूनच नवे शास्त्र उभे केले. आपल्या देशात भारत हवामानशास्त्र विभागाने १९५४ मध्ये कलकत्त्याच्या डमडम विमानतळावर वादळांचा शोध घेणारे पहिले रडार बसविले. १९७० मध्ये विशाखापट्टणम येथे चक्रीवादळांवर नजर ठेवणारे रडार आले. ढगातील थेंब रडारच्या दिशेने येत आहेत की दूर जात आहेत हे सांगणारे, म्हणजेच वाऱ्याचा वेगही दाखविणारे डॉप्लर रडार प्रथम २००२ मध्ये चेन्नईस कार्यान्वित झाले. मुंबईच्या कुलाबा येथे तसे रडार येण्यास २०१० साल उजाडावे लागले.

रडारचे कार्य समजण्यास कठीण नाही. मोठ्या तबकडीच्या आकाराची त्याची आकाशिका सावकाश फिरत राहते आणि रेडिओ-लहरींचे अतिशय अल्पकाळाचे स्पंद आकाशात सोडते. या लहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदास सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने जातात. वाटेत पावसाचे थेंब वा गारा आल्या की लहरींचा अल्पसा अंश मागे परततो. तो किती वेळाने परतला यावरून सरीचे अंतर कळते, आकाशिकेचे तोंड कोणीकडे होते यावरून दिशा कळते, आणि परतलेला अंश किती प्रबळ होता यावरून पावसाच्या जोराचा अंदाज येतो. एक फेरी पूर्ण झाली की आकाशिका थोडी वर उचलली जाते आणि पुन्हा फिरते. अशा अनेक फेऱ्यांतून काही मिनिटांत ढगाचे पायथ्यापासून शिखरापर्यंतचे चित्र तयार होते.

अडचण येते ती प्रतिध्वनीचे मिलिमीटरांत रूपांतर करताना. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर त्यातील पाणी आठपट होते, परंतु त्याचा प्रतिध्वनी चौसष्टपट होतो. ४ मिलिमीटर व्यासाच्या एका थेंबात १ मिलिमीटर व्यासाच्या ६४ थेंबांइतके पाणी असते, मात्र रडारला तो एकटा थेंब ४०९६ लहान थेंबांइतका ठळक दिसतो! यास्तव थोड्या पण टपोऱ्या थेंबांचा वळीव रडारला प्रत्यक्षाहून मोठा भासतो, आणि घाटातील बारीक थेंबांची अखंड झड प्रत्यक्षाहून क्षुल्लक भासते. गार तर त्याची अधिकच फसगत करते. मार्शल आणि पामर या शास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये थेंबांच्या आकारमानाविषयी जे संशोधन प्रसिद्ध केले, त्यावर आधारलेले सूत्र आजही पायाभूत मानले जाते. परंतु एका देशातील पावसाचे सूत्र दुसऱ्या देशातील पावसास, किंबहुना मृगाच्या सरीचे सूत्र आश्लेषाच्या झडीसही जसेच्या तसे लागू पडत नाही. ते वारंवार जमिनीवरील पर्जन्यमापकाशी ताडून पाहावे लागते.

पश्चिम घाटातील ढगांचा या दृष्टीने पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने चांगला अभ्यास केला आहे. वाईजवळील मांढरदेवच्या डोंगरावर संस्थेने रडार बसविले आणि महाबळेश्वर येथे २०१२ मध्ये ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा सुरू केली. घाटाच्या पश्चिम उतारावरील पावसाळी ढग पुष्कळदा बुटके असतात, असे या अभ्यासातून दिसून आले. आपल्या अक्षांशावर सुमारे ५ किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंशास पोचते. घाटातील कित्येक ढग त्या उंचीपर्यंत चढतही नाहीत, तरी दिवसभर बरसत राहतात. घाट ओलांडून पूर्वेस आले की ढगांची संख्या घटते, पण जे ढग उठतात ते अधिक उंच जातात. वैशाख-ज्येष्ठात हुबळीच्या आकाशात दुपारी डोंगरासारखे उठणारे वळवाचे ढग या दुसऱ्या जातीचे होत.

आता आपल्या भागाकडे वळू. गोव्यात पणजी येथे हवामान विभागाचे डॉप्लर रडार आहे. तेथून धारवाड सरळ रेषेत सुमारे १२७ किलोमीटर आणि हुबळी १४० किलोमीटरांच्या आत आहे. म्हणजे दोन्ही शहरे रडारच्या टप्प्यात येतात. परंतु टप्प्यात येणे आणि स्वच्छ दिसणे यांत अंतर आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे रडारचा किरण जसजसा दूर जातो, तसतसा तो जमिनीपासून वर वर जातो. क्षितिजाच्या अर्धा अंश वर रोखलेला किरण धारवाडपर्यंत येईतो समुद्रसपाटीपासून सुमारे २ किलोमीटर उंचीवर पोचलेला असतो. धारवाडची स्वतःची उंची सुमारे पाऊण किलोमीटर आहे. तेव्हा तो किरण गावाच्या डोक्यावरून सव्वा किलोमीटर वरून निघून जातो. एक अंश रुंदीचा किरण या अंतरावर पसरून सव्वादोन किलोमीटर रुंद झालेला असतो, म्हणून एखाद्या ओढ्याअलीकडचा पाऊस व पलीकडचा पाऊस त्याला वेगळा ओळखता येत नाही. त्यात वाटेवर सह्याद्रीची रांग उभी आहे. तिची उंच शिखरे काही दिशांना किरणाचा खालचा भाग अडवू शकतात.

याचे परिणाम दोन प्रकारचे होतात. कलघटगीच्या बाजूचा बुटका ढग किरणाच्या खालूनच सरकत जातो, आणि शेत भिजत असताना पडद्यावर त्या जागी फिकट रंग दिसतो वा काहीच दिसत नाही. पूर्वेकडे नेमके याच्या उलट घडते. दोन किलोमीटर उंचीवर थेंब असतात आणि रडार ते प्रामाणिकपणे दाखवते, पण खालची हवा कोरडी असल्याने ते थेंब जमिनीवर येईपर्यंत विरून जातात. शेतकरी वर पाहतो तो ढगातून पावसाचे दोर लोंबताना दिसतात, आणि पायाखालची माती मात्र कोरडीच असते. भ्रमणध्वनीवर रडारचे चित्र पाहून गावात पाऊस झाला किंवा झाला नाही असे ठरवून टाकण्याची जी सवय अलीकडे वाढू लागली आहे, ती म्हणून निर्दोष नाही. अधिकाऱ्यांनीही केवळ त्या चित्रावरून अहवाल लिहू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तरीही पुढील दोन-तीन तासांत काय घडणार हे सांगण्याच्या कामी रडारला तोड नाही. गडगडाटी ढगाची वाढ, त्याची उंची, त्यातील गारांची शक्यता आणि त्याच्या सरकण्याची दिशा ही त्याच्या दृष्टीतून सुटत नाहीत, कारण असा ढग दहा-बारा किलोमीटर वा त्याहूनही उंच असतो. आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही प्रकारच्या लहरी सोडणारी नवी रडारे चपटा झालेला थेंब व गरगरत येणारी गार यांत भेदही करू शकतात. धारवाडचा हापूस झाडावर असताना वळवाची गारपीट होते, त्या दिवसांत हा इशारा मोलाचा ठरतो. हुबळीच्या दक्षिणेकडून येऊन नवलगुंदच्या काळ्या रानातून मलप्रभेस मिळणारा बेण्णीहळ्ळ उन्हाळ्यात ओढ्यासारखा दिसतो, पण वरच्या भागात जोराची वृष्टी झाली की पात्र सोडून शिवारात पसरतो. वरच्या पाणलोटावर ढग थबकले आहेत एवढे दोन तास अगोदर कळले, तरी गुरे सोडून वर नेता येतात.

कृत्रिम पावसाच्या प्रयोगांमुळे या भागातील लोकांना रडार हा शब्द विशेष परिचित झाला. कर्नाटक शासनाने २०१७ मध्ये 'वर्षाधारी' योजना हाती घेतली, तेव्हा बंगळूर, गदग आणि यादगीर जिल्ह्यातील सुरपूर येथे रडारे उभारण्यात आली होती. गदग हे हुबळीपासून सरळ रेषेत अवघे ५५ किलोमीटर असल्याने आपल्या भागावरील ढग तेथून बरेच खालपर्यंत दिसू शकत होते. २०१९ च्या पावसाळ्यात या योजनेची विमाने हुबळीच्या विमानतळावरून उडाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मलप्रभेसह उत्तर कर्नाटकातील नद्यांना महापूर आला. विमानाने पूर आणला अशी कुजबुज अशा वेळी होतेच. तिला आधार नाही. शेकडो किलोमीटर पसरलेली मोसमी वृष्टी विमानातून फवारलेल्या थोड्या क्षारकणांनी घडत नसते. असे कण ढग निर्माण करीत नाहीत. आधीच पाणी धरून असलेल्या ढगातील थेंब मोठे होण्यास ते साहाय्य करतात, एवढेच. कोणता ढग यास योग्य आहे हे रडार दाखवते. बीजपेरणी झालेल्या व न झालेल्या ढगांची तुलनाही रडार आणि पर्जन्यमापके यांच्या साहाय्यानेच करावी लागते. पुण्याच्या उपरोक्त संस्थेने बारामती परिसरात १९७३ ते १९८६ या काळातील अकरा पावसाळ्यांत मिठाच्या बीजपेरणीचे प्रयोग केले आणि पावसात सरासरी २४ टक्के वाढ आढळल्याचे नोंदविले. सोलापूर येथील नंतरच्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत १०० चौरस किलोमीटरांच्या क्षेत्रात सरासरी १८ टक्के वाढ दिसली. हे आकडे दुर्लक्षणीय नाहीत. पण ढगच नसलेल्या आकाशातून त्यांचा उपयोग शून्य, हेही लोकांस स्पष्ट सांगितले पाहिजे.

रडारच्या या साऱ्या मर्यादा भरून निघतात त्या जमिनीवरील मोजणीने. कर्नाटकात राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राने ग्रामपंचायत पातळीवर सहा हजारांहून अधिक स्वयंचलित पर्जन्यमापके बसविली आहेत. ती सौरशक्तीवर चालतात आणि दर १५ मिनिटांनी आपली नोंद केंद्राकडे पाठवितात. आंबा, मिरी, सुपारी यांसारख्या पिकांच्या हवामानाधारित विम्यात याच नोंदींवरून भरपाई ठरते. तेव्हा यंत्राच्या नळकांड्यात पाला अडकला, पाखराने घरटे केले किंवा सौरपट्टीवर वेल चढला, तर ती केवळ यंत्राची हानी राहत नाही. पडलेला पाऊस कमी नोंदला जातो, आणि अतिवृष्टीने नुकसान झालेल्या शेतकऱ्याचा दावा कागदावर दुबळा ठरतो. आपल्या पंचायतीचे यंत्र कोठे आहे व ते उघड्यावर आहे ना, हे प्रत्येक ग्रामस्थाने एकदा जाऊन पाहावे.

शाळांनाही येथे काम आहे. साधे पर्जन्यमापक उघड्या जागी, भिंत वा झाड यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, काठ जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच राहील असे बसवावे. रोज सकाळी साडेआठ वाजता मोजपात्राने पाणी मोजून वहीत तारखेनिशी लिहावे. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे, रकाना कोरा ठेवू नये, कारण कोऱ्या रकान्यावरून पाऊस पडला नाही की मोजला नाही हे पुढे कोणासच सांगता येत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरावर दहा हजार लिटर पाणी, हा हिशेब विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. त्याच दिवसाचे पणजीच्या रडारचे चित्र हवामान विभागाच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. ते शेजारी ठेवून आपल्या गावावर कोणता रंग होता आणि वहीत कोणता आकडा आला, याची एक पावसाळाभर तुलना केली, तर ज्येष्ठातील वळवाच्या दिवशी आणि श्रावणातील झडीच्या दिवशी रडारचा अंदाज कोणत्या बाजूस झुकतो, हे सातवीच्या मुलांनाही स्वतः शोधून काढता येईल.